भाडेकरूचं आधीचं घर

अंकुर खन्ना ठरल्या वेळेला आला, बूट दाराबाहेर काढून आला, आणि "नमस्ते आंटी जी" म्हणताना चांगला कमरेत वाकला. हेमलताबाईंना हे सगळं आवडलं, आणि म्हणूनच त्या सावध झाल्या. पहिल्या भेटीत फार गोड वागणाऱ्या माणसाकडे त्या चष्म्याच्या वरून बघत. आताही तशाच बघत होत्या.

गाझियाबादच्या वसुंधरामधल्या त्या तीन मजली घरात आज सगळे जमले होते ते सहीसाठी. मुलगा सुधन्वा बायकोला, स्वरूपाला, घेऊन गुडगावहून आला होता. त्याची थोरली बहीण कादंबरी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून आधी मेट्रो आणि मग ऑटो करत आली होती, आणि आल्यापासून हात चोळत हीटरजवळ बसली होती. अंकुर ज्या कंपनीचा माणूस होता, ती कंपनी लोकांची घरं अख्खीच्या अख्खी भाड्याने घेई, त्यात नोकरदार मुलंमुली ठेवी आणि मालकाला महिन्याच्या महिन्याला ठरलेलं भाडं देई. पहिला मजला, दुसरा मजला आणि गच्ची, नऊ वर्षांसाठी. हेमलताबाईंनी तळमजल्यावर राहायचं आणि बाकी घराचा विचार सोडून द्यायचा. नवरा विलासराव गेल्यापासून तीन वर्षं त्यांनी एकटीनं चालवलेली घरमालकी आज दुपारच्या जेवणाआधी संपायची होती.

"नौ साल की टेन्शन-फ्री लाइफ," अंकुर म्हणाला. "किरायेदार ढूँढना, पुलिस वेरिफिकेशन, नल टपका, मोटर जली, सब हमारा सिरदर्द. आप बस धूप सेंकिए, आंटी जी."

स्वरूपानं सासूकडे पाहिलं. ही कंपनी सुधन्वानं शोधली असली, तरी कराराचं पान न् पान वाचून "बिल्कुल ठीक आहे" म्हणणारी तीच होती. मनातून तिला ही सही हवी होती, हेही खरंच. दर रविवारी गुडगावहून उठून इथे यायचं, कधी प्लंबरच्या मागे तर कधी वीजवाल्याच्या मागे लागायचं, आणि सोमवारी पुन्हा ऑफिसात लॉगिन करायचं, याला ती कंटाळली होती. तसं तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

हेमलताबाईंनी समोरचं पेन उचललं नाही. "आप लोग मेरे किरायेदार हुए ना?"

"जी, टेक्निकली... हाँ जी."

"अच्छा. तो फिर आप अभी जिस मकान में हैं, वो दिखाइए."

अंकुरला काही उमगलं नाही. सुधन्वाला उमगलं, आणि त्यानं कपाळाला हात लावला. "आई, यार! नको ना. कंपनी आहे ती."

"कंपनी असली तरी राहणार माझ्याच घरात ना?"

आता हे काय प्रकरण होतं ते या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. हेमलताबाई कोणालाही घर देण्याआधी तो माणूस सध्या राहतो ते घर स्वतः जाऊन बघत. पगाराची स्लिप, आधार कार्ड, पोलिसांचा फॉर्म, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट हे सगळं त्या घेतच, पण नंतर. ही रीत विलासरावांनी पाडली. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेला माणूस. तिथे घर सोडताना ऑफिसचा कोणीतरी येऊन नळ, बल्ब, खिडक्यांच्या काचा तपासून गेल्याशिवाय सुटका नसे. ती धास्ती त्यांच्या अंगात मुरली होती. निवृत्तीनंतर स्वतःचं घर झालं तेव्हा ते म्हणाले, गेल्यावर तपासून काय उपयोग, येण्याआधी तपासावं. माणूस दुसऱ्याची भिंत कशी ठेवतो ते त्याच्या आधीच्या भिंतीवर दिसतं. तेव्हापासून नवरा-बायको दिल्लीभर हिंडले. एका बँकेच्या साहेबाला त्यांनी नकार दिला, कारण त्याच्या मोरीत नळ गळत होता आणि खाली बादली लावलेली होती. नळ गळणं मोठंसं नव्हतं, पण सहा महिने त्यानं घरमालकाला सांगितलंच नव्हतं. "जो माणूस नळाचं सांगत नाही तो भिंतीतल्या ओलीचं काय सांगणार?" हेमलताबाई म्हणाल्या होत्या, आणि त्या साहेबाचं नाक त्या दिवशी जे मुरडलं ते मुरडलंच.

खुद्द स्वरूपा या घरात आली ती भाडेकरू म्हणूनच. पुण्याहून नव्या नोकरीवर आलेली, नोएडात एका खोलीत राहणारी मुलगी. हेमलताबाई एका संध्याकाळी न सांगता तिच्या दारात उभ्या राहिल्या, पाणी प्यायल्या, आणि गेल्या. मालकिणीचे फाटलेले पडदे या पोरीनं स्वतः शिवून पुन्हा लावलेत, एवढं त्यांना पुरलं. घरी येऊन त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं की सुधन्वाला ही पडदेवाली कोण ते बघायची उत्सुकता लागली. पुढचं सगळ्यांना माहीत होतं. स्वरूपा आधी त्यांना काकू म्हणायची आणि नंतर आई म्हणायला लागली, पण घाईत अजूनही मधूनच काकू निघून जाई.

"कादंबरी, तू तरी सांग हिला," सुधन्वा म्हणाला.

कादंबरी हीटरजवळून हलली नाही. "आई, कर ना सही. वरचा मजला नोव्हेंबरपासून रिकामा पडलाय. दिवाळीच्या तोंडावर टाकी बघायला गेलीस आणि जिन्यात पडलीस. मी दोन आठवडे सुट्टी काढून तुझं केलं. पुन्हा नाही मिळायची मला सुट्टी."

"मी नाही म्हटलंय का?" हेमलताबाई काठी शोधू लागल्या. "बघते म्हटलंय."

अंकुर हुशार होता. त्यानं लगेच हसून इंदिरापुरममधल्या त्यांच्या एका इमारतीचं नाव घेतलं, जवळच आहे म्हणाला, आणि स्वतःची मोटारसायकल पुढे काढली.

 गाडी सुधन्वा चालवत होता, आणि त्याच्या गिअर टाकण्यावरूनच त्याचा राग कळत होता. एकदाच तो स्वरूपाकडे झुकून हळू आवाजात म्हणाला, "तू सांभाळून घे. प्लीज." तिनं मान हलवली. सांभाळून घ्यायचं म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत होतं.

इमारत चार मजली होती, नव्यानं रंगवलेली, दारावर चकचकीत पाटी. लिफ्ट नव्हती. हेमलताबाईंनी काच खाली केली, जिन्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. सुधन्वानं पट्टा सोडला. "मी जाऊन येतो वर."

"तू बस," त्या म्हणाल्या. "स्वरूपा, तू जा. नीट बघून ये."

स्वरूपा क्षणभर तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत हेमलताबाईंनी हे काम कोणालाही दिलं नव्हतं. विलासराव असतानासुद्धा घर बघायला दोघं जात, पण निर्णय घरी येऊन त्या सांगत. "मी काय काय बघू, आई?"

"मला काय विचारतेस? भाड्याने राहिलेली तू आहेस. तू जे सांगशील त्यावर मी सही करीन किंवा करणार नाही."

मागच्या सीटवर कादंबरीच्या भुवया वर गेल्या. सुधन्वाचा चेहरा मात्र एकदम उजळला. बायको आपल्याच बाजूची, म्हणजे सही झालीच.

वर जाड मफलर गुंडाळलेला एक मॅनेजर होता. त्यानं स्वरूपाला सगळं दाखवलं, आणि दाखवण्यासारखं बरंच होतं. जिना धुतलेला, फिनाइलचा वास, प्रत्येक मजल्यावर पाण्याचं मशीन, दारांना बोट लावून उघडणारी कुलुपं. नळ एकही गळत नव्हता. तिनं मुद्दाम सगळे सोडून पाहिले. मुली नोकरीच्या, आपापल्या लॅपटॉपवर बसलेल्या; एकीनं "सब ठीक है दी, गीज़र भी चलता है" असं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीच्या मधोमध प्लायवूड लावून दोन केल्या होत्या, आणि प्लायवूड बरोबर खिडकीच्या मध्यावर येऊन टेकलं होतं. एक झडप या खोलीला, एक झडप त्या खोलीला. स्वरूपाला हसू आलं. पण खोली गरम होती, स्वच्छ होती, आणि नोएडातल्या तिच्या जुन्या खोलीची खिडकी तर जेमतेम अर्धी उघडायची. तिचा जीव भांड्यात पडला. खोटं बोलायची वेळ येणार नव्हती.

ती गच्चीकडे निघाली तेव्हा जिन्यात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. अंगात हातविणीचा स्वेटर, खांद्यावर मोठी रजई, एक हात कठड्यावर. धाप लागली होती त्यांना.

"भैया, छत खोल दोगे ज़रा?" ते मॅनेजरला म्हणाले. "इतने दिन बाद धूप निकली है. रज़ाई सीली हो गई है."

"अंकल, आपको बोला था ना," मॅनेजर म्हणाला. उद्धटपणे नाही, समजावणीच्या सुरात. "ऊपर लड़कियों के कपड़े सूखते हैं. जेंट्स अलाउड नहीं. कंपनी का रूल है, मेरे हाथ में कुछ नहीं."

"हाँ हाँ. ठीक है. कोई बात नहीं."

स्वरूपाला वाटलं, असतील कोणा मुलीचे वडील, भेटायला आलेले. रजईचं एक टोक जिन्यावर लोळत होतं ते तिनं उचललं. "लाइए अंकल, मैं पकड़ती हूँ. आप किस रूम में हैं?"

"रूम में नहीं, बेटा," ते म्हणाले. "मकान मेरा है."

त्यांचं नाव हरिदास चतुर्वेदी. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा बंगलोरला. ते तळमजल्यावर राहत. हे सगळं त्यांनी खाली उतरता उतरता सांगितलं, दर जिन्याला थांबत. घर बांधलं तेव्हा गच्चीचा स्लॅब भरताना ते रात्रभर... नाही, पूर्ण दिवसभर तिथेच उभे होते, असं म्हणून स्वतःच हसले. "उमर हो गई, बात बढ़ा देता हूँ."

"और कंपनी? ठीक है?"

"बहुत ठीक. किराया टाइम पर आता है. कोई शिकायत नहीं." मग जरा थांबून ते पुन्हा म्हणाले, "कोई शिकायत नहीं."

त्यांच्या दाराशी मागच्या अंगणाचा लोखंडी कठडा होता. त्यावर दोघांनी रजई पसरली. शेजारच्या इमारतीची सावली त्या अंगणावर पडली होती, आणि ती काही लवकर हलणारी नव्हती. चतुर्वेदींनी रजईवरून हात फिरवला, जणू उन्हातच घातलीय, आणि "जीती रहो" म्हणून आत गेले.

स्वरूपा तिथेच उभी राहिली. "सगळं छान आहे" असं गाडीत जाऊन सांगितलं, तर ते खोटं ठरलं नसतं. खोल्या छान होत्या. भाडं वेळेवर येत होतं, खुद्द मालकानंच सांगितलं होतं. तिचे रविवार तिला परत मिळाले असते, सुधन्वा खूश झाला असता. आणि करारातलं ते कलम तिनं स्वतः वाचलं होतं, "गच्चीचा वापर कंपनीच्या नियमांनुसार". वाचून पान उलटलं होतं. सगळ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये असंच असतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कारण बाहेर गाडीत बसलेल्या बाईनं आपलं घर तिच्या एका वाक्यावर टांगून ठेवलं होतं.

ती गाडीत बसली. अंकुर थोडा लांब उभा राहून फोनवर बोलत होता.

"कसं आहे?" सुधन्वानं विचारलं. "चांगलंय ना?"

"खोल्या चांगल्या आहेत," स्वरूपा म्हणाली. "स्वच्छ आहे. नळ गळत नाहीत. मुलींची तक्रार नाही."

"बघ! मी सांगत नव्हतो?"

"घरमालक भेटले. पैसे वेळेवर मिळतात म्हणाले." तिनं हेमलताबाईंकडे तोंड वळवलं. "पण त्यांना त्यांच्याच गच्चीवर रजई वाळत घालता येत नाही, काकू. मागत होते, मॅनेजर नाही म्हणाला. तर ते हो हो म्हणत खाली उतरले. भांडलेसुद्धा नाहीत. आपल्याकडेही तेच होणार. करारात आहे तसं. मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. चूक माझी आहे. तुम्ही सही करू नका."

 सुधन्वा वळून तिच्याकडे बघत राहिला. दगाफटका झालेला माणूस बघतो तसा.

"एक रजई!" तो शेवटी म्हणाला. "एका रजईवरून तू?"

"रजई नाही रे," कादंबरी मध्येच बोलली, आणि तिचा आवाज वेगळा होता. "थंडीत बाबा सकाळपासून गच्चीवर असायचे. किन्नू संत्री सोलून सगळ्या भाडेकरूंच्या पोरांना वाटायचे. तिथे जायला आईनं आता कोणाला विचारायचं? मी नाही हं याच्यात, सुधन्वा. तुझं तू बघ."

"वा! अर्ध्या तासापूर्वी तूच सही कर म्हणत होतीस."

"म्हणत होते. आता नाही म्हणत."

"ठीक आहे. बिल्कुल ठीक आहे." सुधन्वानं स्टिअरिंगवरचे हात काढले. "दोघी तिकडे. मग मला एवढंच सांगा, पुढच्या वेळी ही टाकी बघायला वर चढली आणि पडली, तर? शेजाऱ्यांचा फोन मला येतो. मी गुडगावला मीटिंगमध्ये असतो. त्या दिवशी इथे पोचेपर्यंत हायवेवर माझं काय झालं ते कोणाला माहितीये?" त्याचा आवाज फाटला. "मला भाडं नकोय. मला ती जिन्यावर नकोय."

हेमलताबाईंनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो बरोबर बोलतोय," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मला आता वर चढवत नाही. आज बघितलंत ना तुम्ही. दिवाळीपासून मी मला चढता येतं असं म्हणत आलेय, पण येत नाही."

त्यांनी हे आजवर डॉक्टरसमोरही कबूल केलं नव्हतं. कादंबरीनं नाकाला रुमाल लावला.

"मी चढेन," स्वरूपा म्हणाली.

"दर रविवारी कंटाळतेस तू," सुधन्वा म्हणाला. "मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

"कंटाळते, कारण मी हमाली करायला येते. कोणाला ठेवायचं, काय दुरुस्त करायचं, ते आई ठरवतात आणि मी फक्त प्लंबरला फोन लावते. आता मी ठरवीन. टाकीला बझर बसवू, पाणी भरलं की खाली वाजेल, वर कोणी जायलाच नको. वरचा मजला आत्ता घाईनं भरायचा नाही. मार्चमध्ये परीक्षा संपल्या की शाळकरी मुलांची कुटुंबं घर शोधतात, ती टिकतात, तेव्हा भरू. आणि त्यांचं आधीचं घर मी बघून येईन." एवढं बोलून तिला दम लागला. "चालेल का, आई?"

 हेमलताबाई नुसत्या तिच्याकडे बघत होत्या, या वेळी चष्म्यातून, सरळ.

"मला का नाही पाठवलंस वर?" सुधन्वानं विचारलं. राग ओसरला होता, आणि आता त्याच्या सुरात लहानपणीचं दुखणं होतं. "मुलगा मी आहे ना?"

"आहेसच. पण तू भाड्याने कधी राहिला नाहीस, बाळा. आधी सरकारी क्वार्टर, मग हे घर, मग तुझा गुडगावचा फ्लॅट. तुझ्यावर कधी कोणी दार बंद केलं नाही, म्हणून तुला बंद दार चटकन दिसत नाही. यात तुझा दोष नाही. तसं व्हावं म्हणून तर बाबांनी घर बांधलं."

सुधन्वानं समोरच्या काचेकडे तोंड केलं आणि बराच वेळ तो तिच्यावर नसलेली धूळ पुसत राहिला.

अंकुर फोन खिशात टाकून गाडीपाशी आला. "तो आंटी जी? फ़ाइनल? पेपर्स मेरे पास ही हैं, यहीं साइन कर लेते हैं."

"मुझसे नहीं," हेमलताबाई म्हणाल्या. "मकान-मालकिन से पूछिए." आणि त्यांनी काठीनं पुढच्या सीटकडे दाखवलं.

स्वरूपानं आधी वळून पलीकडच्या काचेबाहेर पाहिलं, कोणी आलंय का म्हणून. मग तिला कळलं.

ती गाडीतून उतरली. ओढणी नीट केली. "नहीं हो पाएगा, अंकुर जी. आपका काम अच्छा है, पर मकान हम खुद चलाएँगे."

"मैडम, एक बार सोच लीजिए. रेट की बात है तो..."

"रेट की बात नहीं है. और एक काम कीजिए. चतुर्वेदी जी को छत दे दीजिए. हफ़्ते में एक सुबह सही, लड़कियों को पहले से बता कर. घर उनका है."

अंकुरनं तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. "सॉरी, पर ओनर आप हैं?"

कोणत्याही कागदावर तिचं नाव नव्हतं. मागे गाडीत तिची सासू होती, नणंद होती, नवरा होता, आणि काच उघडी होती. स्वरूपाचा आवाज अगदी खणखणीत निघाला.

"जी," ती म्हणाली. "मैं हूँ."

सुधन्वा खाली उतरला. गाडीला पूर्ण वळसा घालून तो तिच्या बाजूला आला आणि त्यानं दार उघडून धरलं.

"बसा, मालकीणबाई," तो म्हणाला. तो चिडवत होता, पण ती नीट बसेपर्यंत दार धरून उभा होता.